योंगब्यॉनच्या आठ हजार कांड्या

महोदय,

उत्तर कोरियावरचा कालचा अग्रलेख वाचला. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांनी १९९४ च्या करारात उत्तर कोरियाला फुकट तेल आणि अणुभट्ट्या देऊन टाकल्या, त्यातूनच किम घराण्याने बॉम्ब बनवले, असा त्याचा सूर आहे. हे वस्तुस्थितीला धरून नाही, आणि आपल्यासारख्या जबाबदार दैनिकाने ते छापावे याचे फार वाईट वाटले.

अणुभट्ट्या दिल्या गेल्याच नाहीत. करार असा होता की उत्तर कोरियाने आपला अणुकार्यक्रम गोठवायचा आणि बदल्यात त्याच्या कुम्हो येथे प्रत्येकी १००० मेगावॅटच्या दोन लाइट वॉटर (साध्या पाण्यावर चालणाऱ्या) अणुभट्ट्या २००३ पर्यंत उभारायच्या. पहिले काँक्रीट पडले तेच ऑगस्ट २००२ मध्ये. बहुतांश पैसाही दक्षिण कोरिया आणि जपानचा होता. अमेरिकेच्या वाट्याला मुख्यतः वर्षाला पाच लाख टन फर्नेस ऑइल पुरवण्याचे काम आले. त्यासाठीचा निधी मंजूर करताना अमेरिकी संसद (काँग्रेस) हात आखडता घेई, त्यामुळे ते वेळेवर पोहोचत नसे.

आता त्या करारातून काय मिळाले ते पाहा, कारण अग्रलेखात त्याचा उल्लेखही नाही. उत्तर कोरियाच्या योंगब्यॉन अणुकेंद्रातल्या ५ मेगावॅटच्या अणुभट्टीतून १९९४ च्या मे-जूनमध्ये सुमारे आठ हजार वापरलेल्या इंधनकांड्या काढून पाण्याच्या टाकीत ठेवल्या होत्या. त्यांत बॉम्बला लागणारे प्लुटोनियम होते. त्यांचे वेष्टन मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे. ते पाण्यात फार दिवस टिकत नाही, गंजते आणि किरणोत्सार पाण्यात उतरतो. त्यामुळे ‘कांड्या खराब होताहेत, आम्हाला त्या विरघळवून प्लुटोनियम वेगळे करावेच लागेल’ असे म्हणायला प्याँगयाँगला, म्हणजे उत्तर कोरियाच्या सरकारला, आयते निमित्त होते. ते निमित्तच काढून घेतले गेले. अमेरिकी तंत्रज्ञ योंगब्यॉनला गेले आणि कांड्या पोलादी डब्यांत निष्क्रिय वायूखाली बंद करण्याचे काम कोरियन कामगारांना बरोबर घेऊन त्यांनी पुरे केले. त्यावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची सीलं, कॅमेरे आणि तिथेच मुक्कामाला असलेले निरीक्षक. आठ वर्षे त्या कांड्यांतून एक ग्रॅम प्लुटोनियम निघाले नाही. बांधकाम चालू असलेल्या ५० आणि २०० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्याही थांबल्या, त्या आजतागायत पूर्ण झालेल्या नाहीत. हुकूमशाही राजवटीशी बोलून याहून ठोस काय पदरात पडते?

फसवणूक झाली नाही असे मी म्हणत नाही. पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांच्याकडून सेंट्रिफ्यूज (युरेनियम समृद्ध करणारी वेगाने फिरणारी यंत्रे) घेऊन युरेनियमचा दुसरा मार्ग चोरून सुरू झाला होता, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेचे दूत जेम्स केली यांनी तो विषय प्याँगयाँगमध्ये काढला ते योग्यच होते. पण तो मार्ग तेव्हा बॉम्बपासून बराच दूर होता. कांड्या मात्र तयार होत्या. दूरच्या धोक्यापायी जवळचा धोका मोकळा सोडला गेला. नोव्हेंबरमध्ये तेल थांबले, डिसेंबरमध्ये सीलं तुटली, निरीक्षकांना हाकलले, १० जानेवारी २००३ रोजी उत्तर कोरियाने अण्वस्त्र प्रसारबंदी करार सोडल्याचे जाहीर केले. जानेवारी २००४ मध्ये लॉस अ‍ॅलामॉस या अमेरिकी अण्वस्त्र प्रयोगशाळेचे माजी संचालक सीगफ्रीड हेकर तिथे गेले तेव्हा टाकी रिकामी होती. त्यांच्या हातात काचेची बरणी देण्यात आली; आत सुमारे २०० ग्रॅम प्लुटोनियम असल्याचे यजमानांनी सांगितले. ९ ऑक्टोबर २००६ ला पहिली अणुचाचणी झाली. योंगब्यॉनचा सेंट्रिफ्यूजचा कारखाना हेकर यांना दाखवला गेला तो नोव्हेंबर २०१० मध्ये. हा क्रम एकदा शांतपणे वाचावा.

अग्रलेखाने सुचवलेला लिबियाचा मार्गही, म्हणजे सगळी अणुसामग्री देशाबाहेर काढून देण्याचा, इथे लागू पडत नाही. लिबियाची बरीचशी सेंट्रिफ्यूज सामग्री जोडलेलीच नव्हती, त्यामुळे महत्त्वाचे भाग विमानात भरून जानेवारी २००४ मध्ये टेनेसीला नेता आले. योंगब्यॉन चालते केंद्र आहे, तिथे माणसे आणि कौशल्य आहे. शिवाय २०११ मध्ये लिबियाच्या गद्दाफींची सत्ता गेली आणि ते मारले गेले, हे प्याँगयाँगने पाहिले आहे. त्यांच्यासमोर लिबियाचे नाव घेणे म्हणजे बोलणी सुरू होण्याआधीच मोडणे, आणि २०१८ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार बोल्टन यांच्या तोंडून ते नाव निघताच तिकडून संतापाचे पत्रक आले होते.

आणखी एक. अग्रलेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘उद्ध्वस्त केलेली अणुभट्टी’ असे छापले आहे. तो २७ जून २००८ रोजी पाडलेला शीतकरण मनोरा आहे. अणुभट्टी शेजारीच धडधाकट उभी होती. पुढे नदीचे पाणी थंडाव्यासाठी वापरून २०१३ मध्ये ती पुन्हा चालू झाली. मनोरा पाडला म्हणजे अणुभट्टी संपली, असा समज तेव्हाही अनेकांनी करून घेतला होता आणि आपल्या ओळीमुळे तो पुन्हा पसरेल. कृपया उद्याच्या अंकात याच पानावर दुरुस्ती छापावी.

— एक वाचक, सांगली