एकच पिस्तूल कपाटात आणि कमरेला नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायची मुभा दिली. विदर्भातल्या अनेक घरांत त्यातली एक जागा शेतीच्या संरक्षणासाठी घेतलेल्या बारा बोअरने आधीच अडवलेली असते. उरलेल्या एका जागेत लोक जुने जर्मन पिस्तूल शोधतात: संग्रहालाही शोभेल आणि कमरेलाही लागेल म्हणून. हे दोन हेतू एका पिस्तुलात बसत नाहीत. बसवायला गेले की संग्रहाची किंमत जाते किंवा कमरेचा भरवसा जातो, बहुधा दोन्ही.

आधी बोअरचे, म्हणजे नळी कोणत्या काडतुसाची याचे पाहू. ९ बाय १९ मिलिमीटर आपल्याकडे प्रतिबंधित आहे, त्यामुळे हेकलर अँड कॉखचे पी७ किंवा ९ मिमी ल्युगर यांची चर्चा सामान्य परवानाधारकाने करूच नये. आपल्या कामाचे ते .३२, म्हणजे जर्मन शिक्क्यांतले ७.६५ मिमी ब्राउनिंग. ल्युगरचे ७.६५ पॅराबेलम हे वेगळे आणि लांब काडतूस आहे. नुसते ‘७.६५’ वाचून व्यवहार करणारे इथेच फसतात. .३२ ची गोळी ४.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास, ऊर्जा जेमतेम २०० ज्यूल. छोट्या नळीतून त्याहून कमी. ताकदीच्या गप्पा इथे संपतात. उरतो प्रश्न पिस्तूल दर वेळी चालते का, हा.

वॉल्थर पीपी १९२९ चे. पीपीके पाठोपाठ आले. पीपीची लांबी १७० मिमी, नळी ९८, मॅगझिनमध्ये ८ काडतुसे. पीपीकेची लांबी १५५, नळी ८३, काडतुसे ७. कमरेला फरक पडतो तो लांबीने कमी आणि मुठीने जास्त, कारण पातळ शर्टातून उठून दिसते ती मूठ. पीपीकेची मूठ आखूड आहे खरी, पण तिची प्लास्टिकची ग्रिप (मुठीवरचे आवरण) एकसंध असून मागची बाजूही तीच झाकते. जुन्या पिस्तुलांत ती स्क्रूजवळ किंवा मागे तडकलेली असते आणि तशी मूळ ग्रिप पुन्हा मिळणे मुश्कील. पीपीच्या मुठीला मागे फ्रेमचेच (सांगाड्याचेच) पोलाद असते, ग्रिपचे दोन पत्रे वेगवेगळे. वापरायचे असेल तर आम्ही पीपी सुचवू. पीपीकेच्या नावाला बाजारात जो भाव आहे तो बराचसा जेम्स बाँडच्या सिनेमाचा आहे. मोठा पंजा असेल तर दोन्हींत मागे सरकणारी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) अंगठ्याजवळची कातडी खरवडते, हेही घेण्यापूर्वी हातात धरून पाहावे.

माउझर एचएससी १९४० च्या सुमाराचे, ८ काडतुसांचे. घोड्याचे (हॅमरचे) टोक जेमतेम बाहेर, त्यामुळे कपड्यात अडकत नाही. त्याची एक खोड मात्र माहीत हवी. शेवटचे काडतूस उडाले की स्लाइड मागे अडकते आणि मॅगझिन घालताच आपोआप पुढे जाते. मॅगझिन भरलेले असेल तर काडतूस थेट चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, उडायला तयार. पीपीत असे होत नाही, तिथे स्लाइड किंचित मागे ओढून सोडावी लागते. उलट एचएससी मॅगझिन काढल्यावर चालत नाही, पीपी चालते. म्हणून ‘मॅगझिन काढले, आता रिकामे’ हा समज पीपीच्या बाबतीत जीवघेणा आहे. पीपीच्या घोड्याच्या वर बाहेर येणारी पिन चेंबर भरल्याचे सांगते, पण दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काही पिस्तुलांत ती नाहीच. डोळ्याने चेंबर पाहणे हाच उपाय.

सुल येथे बनलेले झाउअर ३८एच हे यांत्रिक दृष्टीने सर्वांत हुशार: घोडा आत, डाव्या बाजूच्या खटक्याने तो चढवताही येतो आणि उतरवताही येतो. पण सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून ते कपाटातच शोभते. माउझर १९१४ आणि ऑर्टगीस यांत घोडा नाही, स्ट्रायकर (स्प्रिंगने पुढे झेपावणारी पिन) आहे. चेंबर भरले की तो ताणलेलाच राहतो. कमरेसाठी हे दोन्ही बाद.

घेण्यापूर्वीची एक तपासणी कुणी करत नाही, आणि पीपी-पीपीकेत तीच सर्वांत महत्त्वाची. यांची सेफ्टी खाली केली की आतला पोलादी ठोकळा घोडा आणि फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी पिन) यांच्या मध्ये येतो, पिन अडवली जाते आणि मग घोडा पडतो. ७०-८० वर्षांत हे भाग झिजले असतील तर सेफ्टी लावतानाच गोळी सुटू शकते. मॅगझिन काढा, चेंबर रिकामे पाहा, पिस्तुलाचे तोंड वर करा, नळीत सैल बसेल अशी हलकी लाकडी काडी तळापर्यंत सोडा. चेहरा बाजूला ठेवून घोडा चढवा आणि सेफ्टी खाली करा. काडी जराही हलली तर व्यवहार थांबवा. पुढे सेफ्टी वर करून, घोडा चढवून चाप ओढा. आता काडी उडायला हवी. पास झालेल्या पिस्तुलातही भरलेल्या चेंबरवर सेफ्टी लावताना तोंड सुरक्षित दिशेला आणि अंगठा घोड्यावर.

अडकण्याची कारणे बहुतेक तीन. स्लाइडला पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग थकली की स्लाइड पूर्ण बंद होत नाही, पुंगळ्या दूर फेकल्या जातात आणि फ्रेमला मार बसतो. मॅगझिनचे ओठ पसरले की काडतूस नाकाने वर उठते. तिसरे कारण काडतुसातच: .३२ ची कड बुडापेक्षा किंचित रुंद असते, आणि वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. हे अडकणे स्लाइड झटकून सुटत नाही, मॅगझिन काढूनच सोडवावे लागते. भरताना प्रत्येक नव्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे ठेवावी. आखूड नाकाच्या गोळ्यांत हा त्रास जास्त. कमरेला लावण्यापूर्वी किमान ५० काडतुसे न अडकता गेली पाहिजेत. परवान्याच्या कोट्यातली इतकी काडतुसे खर्च करायला जीव जातो, पण त्याला पर्याय नाही.

संग्राहकाचे शास्त्र याच्या उलट. त्याला झिजलेले मूळ ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) हवे, नवे नको. आपल्याकडे जुन्या पिस्तुलावर निकेल चढवून ‘नवे’ करून देतात. त्यात अक्षरांच्या कडा गुळगुळीत होतात, स्क्रूच्या छिद्रांची तोंडे खोलगट होतात आणि पिस्तुलाचा इतिहास पुसला जातो. युद्धापूर्वीच्या वॉल्थरवर तिच्या कारखान्याच्या गावाचे, त्सेला-मेलिसचे नाव आणि मुकुटाखाली एन हा चाचणीचा शिक्का असतो, नंतर गरुडाखाली एन. युद्धानंतरचे तुकडे फ्रान्समधल्या मानुऱ्हिनने परवान्याखाली बनवले, किंवा त्यांवर जर्मनीतल्या उल्म शहराचे नाव असते. उल्मच्या चाचणीगृहाची खूण हरणाचे शिंग. शेजारची अक्षरे वर्ष सांगतात: ए म्हणजे ०, बी म्हणजे १ अशी, जे वगळून के म्हणजे ९. एचएफ दिसले तर १९७५. बारा बोअरच्या जोडीला वापरायचे पिस्तूल हवे असेल तर हे युद्धानंतरचे तुकडे घ्यावेत. पोलाद आणि काम दोन्ही भरवशाचे, आणि नाझी काळातल्या शिक्क्यांसाठी मोजावा लागणारा जादा पैसा वाचतो. ते शिक्के नकली मारण्याचा धंदा जगभर चालतो, विशेषतः नाझी पक्षाच्या साहित्य-कार्यालयाच्या ‘आरझेडएम’ शिक्क्याचा.

आता नागपूरचे हवामान. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा घाम ग्रिपच्या पत्र्याखाली शिरतो आणि गंज आतून धरतो. रोज वापराचे पिस्तूल असेल तर आठवड्यातून एकदा ग्रिप उघडून पुसावे. स्क्रू बोटांच्या जोराने बसेल इतकाच आवळावा. कूलरच्या खोलीतले कपाट तर सर्वांत वाईट जागा. बाहेर कोरडे ऊन असले तरी त्या खोलीची हवा रात्रभर ओलसर असते. आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल कधीच साठवू नये. चामडे ओल धरते, कमावतानाची रसायने पोलाद खातात आणि स्लाइडवर बारीक खड्डे पडतात. तेलाचा पातळ हात देऊन, सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावे.

बाळगण्याबाबत २०१६ चे शस्त्र नियम स्पष्ट आहेत: सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवे. खिशात किल्ल्यांबरोबर टाकणे म्हणजे चापाला काहीतरी अडकण्याची वाट पाहणे.

निवडणुकीत शस्त्र जमा करण्याचा आदेश आला तर पावतीवर फ्रेमवरचा पूर्ण क्रमांक, मॅगझिनची संख्या आणि ग्रिपची स्थिती लिहून घ्यावी. संग्रहाचा तुकडा असेल तर चारही बाजूंची छायाचित्रे आधी काढावीत, मूळ होल्स्टर घरी ठेवावे आणि पिस्तूल तेल लावून कापडात गुंडाळूनच द्यावे.

आपले,
परवानाधारक शस्त्रांच्या देखभालीचे काम जाणणारे काही वाचक,
सीताबर्डी, नागपूर