चूक झाली म्हणून कोणाच्या मुठीत का राहायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पतसंस्था, खासगी शाळा, दवाखाने, छोटे कारखाने अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या मुलामुलींसाठी हे पत्र लिहीत आहे. कामात चूक झाली की ती रीतसर नोंदवायची सोडून काही वरिष्ठ ती झाकून ठेवतात आणि पुढे तिच्याच जोरावर त्या माणसाला हवे तसे वाकवतात. मी सहकारी बँकेत कॅश काउंटरवर लागले आणि शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. हे प्रकार तेव्हाही होते, पण आता ते ज्या बिनदिक्कतपणे चालतात ते पाहून गप्प बसवत नाही.

माझ्या ओळखीची एक मुलगी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत आहे. एकाच नावाचे दोन खातेदार होते. बाजाराच्या दिवशी, गर्दीत, एकाचे १८,००० रुपये हिच्या हातून दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले. दुसऱ्या दिवशी लक्षात आले, नोंद फिरवली, दोघांनाही फोन केले. कोणाचा एक पैसा बुडाला नाही. तरी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून माफीनामा लिहून घेतला. त्यात ‘अफरातफर’ हा शब्द स्वतः सांगून घालायला लावला आणि तारखेची जागा कोरी ठेवायला सांगितली. ‘तारीख मी टाकीन. हेड ऑफिसला कळवत नाही, उपकार मान,’ असेही ऐकवले. कागद खणात गेला आणि खणाला कुलूप लागले.

त्यानंतर दुसऱ्यांची कामे तिच्या टेबलावर येऊ लागली. सुट्टीचा अर्ज टाकला की साहेबांचे बोट त्या खणाकडे जायचे. मग संध्याकाळी उशिरापर्यंत थांबवणे, ‘गाडीने सोडतो’ म्हणणे, रात्री दहानंतरचे फोन. घरी सांगायची सोय नव्हती, कारण पहिला प्रश्न ‘पण चूक तुझीच होती ना?’ हाच आला असता. मला सर्वांत जास्त चीड या प्रश्नाची येते. चूक होती, तर त्या चुकीची जी काही शिक्षा नियमात असेल ती द्या. मेमो द्या, कारणे दाखवा नोटीस द्या, चौकशी लावा. रात्रीचे फोन घेणे ही कुठल्याही नियमातली शिक्षा नाही.

कायदा याबाबत आंधळा नाही. नोकराच्या हलगर्जीने नुकसान झाले, तरी झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त रक्कम पगारातून कापता येत नाही आणि म्हणणे मांडायची संधी दिल्याशिवाय तर मुळीच नाही. ही तरतूद १९३६ च्या वेतन कायद्यात होती, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. धाक दाखवून कोऱ्या कागदावर सही घेणे हे तर खंडणीच्या गुन्ह्याचे उदाहरण म्हणून जुन्या दंड संहितेत दिलेले होते आणि आताच्या न्याय संहितेतही ते आहे. बाईमाणसाला नोकरीची भीती घालून लगट करणे २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळात मोडते. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. ती नेमली नाही तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. त्याहून लहान जागी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. मात्र तक्रार शेवटच्या प्रकारापासून तीन महिन्यांत करायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नये. मुलांना मात्र या कायद्याचा आधार नाही, आणि साध्या मानसिक छळासाठी वेगळा कायदा आपल्याकडे अजून झालेला नाही. ही उणीव भरून निघायलाच हवी.

या मुलीला मी एकच गोष्ट करायला लावली. झालेली चूक तिने स्वतःच तारखेनिशी मुख्य कार्यालयाला लिहून कळवली. नोंद केव्हा फिरवली, खातेदारांना केव्हा कळवले, माफीनामा कोणी आणि कसा लिहून घेतला, सगळे त्यात आले. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. हात थरथरत होते तिचे, पण पोच घेतल्याशिवाय ती तिथून हलली नाही. वरून एक मेमो आला, तिने उत्तर दिले, चुकीचा विषय मिटला. खणातल्या कागदाला काही किंमत उरली नाही. फोनची यादी आणि मेसेज घेऊन ती आता समितीपुढे गेली आहे. चौकशी चालू आहे, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

सगळ्यांना हे जमेलच असे नाही, हे मी जाणते. कर्जाचा हप्ता आणि घरभाडे डोक्यावर असताना ‘लढ’ म्हणणे सोपे असते. म्हणूनच सगळा भार त्या एकट्या मुलीवर टाकू नये. सहकार खात्याने पतसंस्थांना एक साधा आदेश काढावा: कर्मचाऱ्याची चूक ठरावीक दिवसांत रजिस्टरला नोंदवून वर कळवावी, माफीनामा घेतल्यास त्याची तारखेसह प्रत कर्मचाऱ्याला द्यावी आणि लेखापरीक्षकांनी ते रजिस्टर तपासावे. अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे आणि फोन नंबर खातेदारांनाही दिसतील असे लावावेत. आपल्या वृत्तपत्राने तालुक्यातल्या किती संस्थांत असा फलक लागलेला आहे याची पाहणी करून ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शाखाधिकारी
(नाव व पत्ता संपादकांकडे)