बाळ्या, हायपोचं तुझंच खरं होतं

बाळ्या,

दिवाळीला तुला नुसता पणतीचा फॉरवर्ड ढकलला आणि तेव्हापासून तोंड लपवून बसलोय, तेव्हा आधी मनातल्या मनात शिव्या घालून घे आणि मग पुढचं वाच. शुगर आहे तशीच, गुडघाही. बास.

परवा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आईला पुढच्या महिन्यात पंचाहत्तर पूर्ण होतायत, म्हटलं अल्बम करू, फोनमधला नाही, मांडीवर घेऊन बघायचा. तर खाकी पाकिटात आपले १९९३ चे ब्रोमाइड, म्हणजे काळे-पांढरे प्रिंट, निघाले, तुमच्या मोरीत झिरोच्या लाल बल्बखाली केलेले. घाटावरचा फोटो, निगेटिव्ह एकच, एक प्रिंट तुझी, एक माझी. मागे पेन्सिलने आपापलं अक्षर आहे म्हणजे पुरावा पक्का. तुझी अजून कोळशासारखी काळी, लख्ख. माझ्यावर पिवळे-तपकिरी डाग, आयर्विन पुलाची एक कमान चहात बुडवून काढल्यासारखी झालीये.

कागदात हायपो राहिलं रे, फोटो पक्का करायचं ते रसायन. तू म्हणायचास तासभर वाहत्या पाण्यात धुवायचं, मी म्हणायचो दहा मिनिटं रग्गड. नळाला पाणी यायचंच तासभर, तोच तास तुला फोटोंना पाहिजे, आणि दाराबाहेर तुझी आजी बादली घेऊन, "मेल्यांनो, मला आंघोळ करू द्या रे". मी आजीची बाजू घेतली आणि आपण दोन महिने बोललो नाही. तर एकतीस वर्षांनी लेखी देतो, तू बरोबर होतास. निगेटिव्ह मोठी करायचा तो एनलार्जर विकला त्याचे पैसे मात्र मला कमीच दिलेस, ते अजून मान्य नाही.

आता खरं दुखणं. अल्बमसाठी घरी फोटो प्रिंटर घ्यायचाय आणि तीन आठवडे डोकं फिरलंय. हॉलमधला नानांचा फोटो आठवतो ना, २००६ चा, घरच्याच प्रिंटरवर कुठल्यातरी स्वस्त शाईत काढलेला? खिडकीसमोर टांगला होता, आता नाना फक्त आईलाच ओळखू येतात. त्यामुळे धास्ती बसलीये.

दुकानदार म्हणतो सहा रंगांचा टँकवाला घ्या, एप्सनचा एल८०५०. नेहमीचे चार रंग आणि वर फिका निळा, फिका गुलाबी, म्हणून गालावर कपाळावर ठिपके दिसत नाहीत. शाई बाटलीतून ओतायची, प्रिंट स्वस्त पडते. पण बरेच दिवस चालवला नाही की हेडमध्ये, म्हणजे शाई उडवणाऱ्या बारीक भोकांत, शाई सुकते, मग हेड क्लीनिंग करत बसा आणि त्यात परत शाई जाते ती वेगळीच. आणि माझा नियमितपणा तुला माहितीये, हे पत्रच बघ.

पोरगी म्हणते कॅननची सेल्फी घ्या (प्रिंटरचं नावच ते). त्यात पातळ शाईच नाही, रिबन असते, ती तापून रंग कागदात उतरतो. कागद चारदा आतबाहेर होतो, आधी पिवळा, मग मजेंटा, मग सायन, शेवटी वरून पारदर्शक थर. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये चेहरा उगवायचा ना, डिट्टो तसं वाटलं मला, चार प्रिंट होईस्तोवर दुकानात तिथंच उभा, शेवटी दुकानातला पोऱ्या म्हणाला काका जरा बाजूला व्हा. वर्षभर कपाटात पडला तरी सुकायला काही नाही. पण साइज पोस्टकार्डाएवढी, आणि आईला चष्मा लावूनही बारीक दिसत नाही.

पिग्मेंट शाईवाल्या (विरघळलेला रंग नाही, रंगाचे बारीक कण) प्रिंटरचे फोटो जास्त टिकतात म्हणे, त्या प्रिंटरची किंमत ऐकून मी चहा अर्धा टाकून निघालो.

बायको म्हणते लॅबमध्ये टाका की, तिथं अजून खऱ्या फोटो पेपरवरच निघतात. तिचं बरोबर आहे. पण मागच्या वेळी एका लॅबवाल्याने आईला इतकी गोरी करून दिली की ती म्हणाली, ही कुणाची आई? आणि आपल्या हाताने करायची खोड मला लावली कुणी? तूच.

तुझी हुबळीची बदली टळली का? वहिनींचं ऑपरेशन झालं ते कळलं होतं, फोन करायला हवा होता. सोनूचं अभिनंदन सांग. आईने तुझी चौकशी केलीये.

एक काम कर. घाटाची ती निगेटिव्ह तुझ्याचकडे आहे, स्कॅन करून पाठव. त्यात डावीकडे पायरीवर आई बसलीये, चव्वेचाळीसची, आणि माझ्या प्रिंटवरचा डाग तिच्या पदरापर्यंत आलाय. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो टाकू नको, आकसतो, डॉक्युमेंट म्हणून टाक. ८ बाय १० करायचाय, म्हणजे ३००० बाय २४०० पिक्सेल तरी हवेत.

आणि रविवारपर्यंत तुझं उत्तर नाही आलं तर मी टँकवाला घेतोय, आणि हेड सुकू नये म्हणून दर आठवड्याला एक फोटो काढून तुला पोस्टाने पाठवणार. पत्ता तोच ना?

तुझा,
बंड्या