बाळ येशूची यात्रा आणि कुलूपबंद चर्च

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकरोडच्या कॅथलिक देवस्थानात फेब्रुवारीत भरणाऱ्या बाळ येशूच्या यात्रेविषयी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाने प्रश्न केला आहे की, प्रार्थना खोलीचे दार लावून एकांतात करावी असे खुद्द येशूनेच सांगितले असताना ख्रिस्ती माणसाला यात्रेची आणि देवस्थानाची गरज काय? प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. आमच्यासारख्या प्रॉटेस्टंट घरांतूनही तो विचारला जातो, फक्त जरा दबक्या आवाजात.

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, सहाव्या अध्यायातील ते वचन मागचापुढचा संदर्भ ठेवून वाचले, तर त्याचा रोख लोकांनी पाहावे म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांवर आहे, हे स्पष्ट दिसते. उपासनेच्या जागांवर तो नाही. येशू स्वतः शब्बाथाच्या, म्हणजे यहूद्यांच्या विश्रांतीच्या, दिवशी आपल्या रिवाजाप्रमाणे सभास्थानात जात असे, असे दुसरा शुभवर्तमानकार लूक नोंदवतो, आणि तोच लूक तो अरण्यात एकांती जाऊन प्रार्थना करीत असे हेही सांगतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात सुखाने नांदत होत्या.

शास्त्राला जागेचे वावडे नाही. जागा कोणासाठी, हा मात्र त्यातला फार जुना प्रश्न आहे. यरुशलेमचे मंदिर बांधून झाल्यावर इस्राएलाचा राजा शलमोन याने केलेली प्रार्थना बायबलातील पहिल्या राजे या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. आकाशातही न मावणारा देव मी बांधलेल्या या घरात कसा मावेल, असे तो आरंभीच कबूल करतो आणि पुढे इस्राएलाबाहेरचा कोणी परका दूर देशाहून येऊन या मंदिराकडे तोंड करून प्रार्थना करील तर तीही ऐक, अशी विनंती करतो. नव्या कोऱ्या मंदिराच्या समर्पणाच्या दिवशी यजमानाने परक्याची आठवण काढावी, हे मला त्या अध्यायातले सर्वांत मोठे वाक्य वाटते. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या छप्पन्नाव्या अध्यायात तर देवाचे घर सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थनेचे घर होईल, असे थेट वचनच आहे.

येशूने मंदिरातले सराफांचे चौरंग उलथून टाकले तेव्हा हेच वचन उच्चारले. मत्तय, मार्क आणि लूक तिघेही ते देतात, पण ‘सर्व राष्ट्रांसाठी’ हे शब्द केवळ मार्कने राखले आहेत. तो बाजार मंदिराच्या बाहेरच्या अंगणात भरत असावा, असे अभ्यासक सर्वसाधारणपणे मानतात, आणि यहूदी नसलेल्यांना तेवढ्याच अंगणापर्यंत येण्याची मुभा होती. त्यापुढे पाऊल टाकणारा परका आपल्या मृत्यूला आपणच जबाबदार राहील, अशी ताकीद कोरलेला ग्रीक शिलालेख १८७१ साली यरुशलेमेत सापडला. तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. म्हणजे परक्याच्या वाट्याला आलेली तेवढी एकच जागा कबुतरे विकणाऱ्यांनी आणि नाणी बदलणाऱ्यांनी अडवली होती. आपल्याकडे या उताऱ्यावरचे प्रवचन बहुधा व्यापाऱ्यांच्या लोभापाशी थांबते. ज्याची जागा गेली त्याच्याविषयी व्यासपीठावरून क्वचितच काही ऐकू येते.

इमारत नसली म्हणून प्रार्थना अडत नाही, हेही तितकेच खरे. फिलिप्पै शहरात येशूचा प्रेषित पौल शब्बाथाच्या दिवशी वेशीबाहेर नदीकाठी गेला, कारण तिथे प्रार्थनेची जागा असावी असा त्याचा कयास होता. त्या काठावर बसलेल्या स्त्रियांपैकी लुदिया ही जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी बाई विश्वासात आली आणि तिने आपले घर पाहुण्यांना उघडून दिले. गोदाकाठच्या नाशिककरांना नदीकाठची प्रार्थना समजावून सांगावी लागू नये. नाशिकच्याच शरणपूर भागातील मिशनशाळेत शिकलेला जेकब वेनराइट हा गुलामगिरीतून सुटलेला आफ्रिकी तरुण १८७३ साली आफ्रिकेचा शोध घेणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या तिथल्या अखेरच्या प्रवासात होता. लिव्हिंग्स्टन पलंगापाशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळला, तेव्हा त्याचे हृदय एका झाडाखाली पुरताना दफनविधीची प्रार्थना याच वेनराइटने वाचली. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमधील अंत्यविधीलाही तो हजर होता. त्यातली कोणती प्रार्थना अधिक पवित्र, हे ठरवायला शास्त्रात तरी काही आधार सापडत नाही.

जागा परक्याला खुली आहे का, या कसोटीवर बाळ येशूची यात्रा मला उणी वाटत नाही. नवस बोलणे, फेडणे या गोष्टी माझ्या परंपरेत बसत नाहीत आणि त्यांविषयीचे माझे मतभेद कायम आहेत. परंतु तिथे रांगेत उभ्या असलेल्या हिंदू बाईला किंवा मुसलमान गृहस्थाला कोणी धर्म विचारत नाही, हे मान्य करावेच लागेल. उलट शहरातील आमच्या काही चर्चची दारे रविवारची उपासना संपली की कुलूपबंद होतात, ती पुढच्या रविवारीच उघडतात. आठवड्यात कोणी दोन मिनिटे बसावे म्हणून आला, तर पहारेकरी त्याला कोणाला भेटायचे आहे असे विचारतो. सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि फाटक्या कपड्यांतल्याला पायाशी बैस म्हणणाऱ्या मंडळीला याकोबाने बायबलातील आपल्या पत्रात खडसावले आहे. इथे तर पायाशीही जागा नाही.

चोरीची भीती खरी आहे आणि वाद्ये, ध्वनिक्षेपक महाग असतात, हे मी जाणतो. तरीही वेदीचा भाग बंद ठेवून मागचे बाक मोकळे ठेवता येतील. मंडळीतील निवृत्त माणसांनी वार वाटून घेतले, तर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास दार उघडे ठेवणे अवघड नाही. शहरातील पाळकांनी आणि चर्च समित्यांनी वार्षिक सभेत इमारत निधीच्या विषयाआधी हा विषय घ्यावा, अशी माझी विनंती आहे. वेळा ठरल्या की त्या फाटकाबाहेर, रस्त्यावरून वाचता येतील अशा मराठी फलकावर लिहाव्यात.

आपला,
शरणपूर रस्त्यावरील एक वाचक,
नाशिक