नरकाचे छत आणि आपले मैल

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला इटालियन साहित्य आणि विज्ञान यांच्यावरचा लेख वाचला. भाषा ओघवती आहे, हेतूही चांगला असावा. पण १५८८ साली गॅलिलिओने फ्लॉरेन्सच्या अकादमीत, इटालियन महाकवी दांतेने आपल्या काव्यात रंगवलेल्या नरकाच्या मोजमापावर दिलेली दोन व्याख्याने ‘तरुण वयातली गंमत’ म्हणून चार ओळींत उडवली आहेत आणि त्या चार ओळींत तीन चुका बसवल्या आहेत. आपल्या दैनिकाच्या मानानेही हे प्रमाण जरा जास्तच झाले.

नरकाने पृथ्वीचा ‘एक षष्ठांश’ भाग व्यापलेला नाही. हा नरक शंकूच्या आकाराचा: टोक पृथ्वीच्या केंद्राशी, वर तोंडाच्या मधोमध जेरुसलेम आणि तोंडाचा कंस ६० अंशांचा. ६० हा ३६० चा सहावा भाग, म्हणून घनफळही सहावा भाग, असे लेखकाने धरलेले दिसते. नेमकी हीच घाई होऊ नये म्हणून गॅलिलिओने आर्किमिडीजला साक्षीला बोलावले होते: शंकूचा वाटा त्याच्या तोंडावरच्या गोलाच्या टोपीइतका, आणि टोपीचा वाटा तिच्या उंचीच्या प्रमाणात. त्रिज्या १ धरा. वरच्या टोपीची उंची १ वजा कोसाइन ३०, म्हणजे ०.१३४. तिला व्यासाने, म्हणजे २ ने भागा: ०.०६७. जेमतेम पंधरावा भाग. गॅलिलिओचे उत्तर ‘चौदाव्या भागाहून थोडे कमी’ असे आहे आणि ते बरोबर आहे.

मग ती पृथ्वीची त्रिज्या, ‘५,२२२ किलोमीटर’. मूळ आकडा ३,२४५ पूर्णांक ५/११ मैल. २०,४०० मैलांच्या परिघाला २२/७ च्या दुपटीने भागले की तो मिळतो. हे २०,४०० नवव्या शतकातल्या अल-फरगानी या खगोलशास्त्रज्ञाचे, एका अंशाला ५६ पूर्णांक २/३ मैल या हिशोबाने, आणि ते मैल अरबी, १.८ ते २ किलोमीटरचे. आपल्याकडे कोणीतरी डोळे मिटून १.६०९ ने गुणले आणि वर गॅलिलिओची पृथ्वी हजार किलोमीटरने लहान होती, असा शेराही मारला! अल-फरगानीचा हाच आकडा चुकीच्या मैलात वाचून कोलंबसाने पृथ्वी पाऊण करून टाकली होती. आपल्या उपसंपादकांना संगत तर थोर लाभली. अमेरिका तेवढी सापडली नाही.

हे एक वेळ सोडून देता येईल. ‘छताची जाडी वगैरे कंटाळवाणा तपशील’ हे शब्द मात्र सोडवत नाहीत, कारण साऱ्या प्रकरणाचे मर्म त्या छतातच आहे. गॅलिलिओ ज्या मानेत्तीची (दांतेच्या नरकाचा आराखडा मांडणाऱ्या फ्लॉरेन्सच्या विद्वानाची) बाजू घेत होता, त्याच्या आराखड्यात नरकावरचे खडकाचे छत ४०५ मैलांहून थोडे जास्त जाड आहे, म्हणजे त्रिज्येचा आठवा भाग. एवढ्या रुंद पोकळीवर ते कोसळणार नाही का, असा आक्षेप होता. गॅलिलिओचे उत्तर असे: ३० ब्राच्चा गाळ्याची, म्हणजे तेवढ्या रुंदीवर टाकलेली (ब्राच्चा हे जुने इटालियन माप, साधारण ५८ सेंटिमीटरचे, म्हणजे साडेसतरा मीटर), छोटी कमान घ्या. त्याच प्रमाणात तिची जाडी सुमारे ४ ब्राच्चा येते. अशा कमानीला एक ब्राच्चा, कदाचित अर्धासुद्धा पुरतो, मग चारची काय चिंता?

चूक इथे आहे. प्रमाण तेच ठेवून कमान दुप्पट केली की वजन आठपट होते, पण ते झेलणारा छेद चौपटच वाढतो. दगडावरचा दाब दुप्पट होतो आणि दगड मात्र तोच राहतो. ढोबळ हिशोबाने त्या छोट्या कमानीत दर चौरस मिलिमीटरला ०.२ न्यूटनच्या आसपास दाब येतो. नरकाचा गाळा तिच्या तीन लाखांहून जास्त पट, म्हणजे दाब साठ हजार. चांगला ग्रॅनाइट दोनशेच्या आसपास चिरडतो.

पन्नास वर्षांनी, १६३८ साली, लायडनला छापलेल्या दोन नव्या विज्ञानांवरच्या ग्रंथाची सुरुवात गॅलिलिओ व्हेनिसच्या जहाजांच्या गोदीत करतो आणि पहिला मुद्दा हाच घेतो: लहान सांगाडा टिकतो म्हणून त्याच प्रमाणातला मोठा टिकेलच असे नाही. तिप्पट लांब हाड तिपटीहून किती जाड लागेल, ते त्याने काढूनच दाखवले आहे. या विचाराचे बीज नरकाच्या छतातल्या चुकीत आहे, असे मार्क पीटरसन या भौतिकशास्त्रज्ञाने मांडले आहे आणि मला ते पटते. ‘साहित्याने विज्ञानाला काय दिले?’ असा प्रश्न मथळ्यात टाकायचा आणि उत्तर कंटाळवाणे म्हणून गाळायचे, याला काय म्हणावे?

जाता जाता, बालपानावरच्या दांतेच्या आरशांविषयी. ‘पारादिसो’च्या, म्हणजे दांतेच्या काव्यातल्या स्वर्गाच्या भागाच्या, दुसऱ्या सर्गात त्याला वाट दाखवणारी बेआत्रिचे हा प्रयोग सांगते, त्यात दिवा पाठीमागे आहे. आपल्या चित्रात तो मुलासमोर टेबलावर आहे. तीन सारखे सपाट आरसे हवेत (दाढीचा नको, तो प्रतिमा फुगवतो). दोन आरसे एक मीटरवर, तिसरा दोन मीटरवर, त्या दोघांच्या फटीतून दिसेल असा. खोलीत अंधार. दिवा डोक्यामागे वीतभर उंच, नाहीतर आपलीच सावली आड येते. आरसे किंचित कलते करून तिन्हींत दिवा दिसेल असे बसवायचे. लांबचा दिवा लहान दिसतो, पण तितकाच तेजस्वी. ‘एलईडी टॉर्च चालेल’ असे आपण लिहिले आहे. चालणार नाही. ठिपक्याएवढ्या दिव्याचा लहानमोठेपणा डोळ्याला कळत नाही, चौथाईवर आलेला प्रकाश तेवढा कळतो. मग मुलाला लांबचा दिवा मंद वाटतो आणि दांते खोटा पडतो. येत्या रविवारी चित्र बदलून छापावे आणि बल्ब दुधी काचेचा, गोल घ्यायला सांगावे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, सांगली