गाडीवरून श्रीमंती ठरवू नका

महोदय,

कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मुंढवा भागात पबबाहेर लावलेल्या गाडीची काच फोडून लॅपटॉप पळवला, की ‘एवढी मोठी गाडी आहे, त्याला काय फरक पडतो?’ असे सर्रास ऐकू येते. हा समज संतापजनक आहे. त्यातली कितीतरी वाहने सात वर्षांच्या कर्जावरची, कंपनीने दिलेली किंवा जुन्या बाजारातून नव्या छोट्या गाडीच्या भावात घेतलेली असतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील, तर गाडी चक्क भाड्याची!

चोर गाडीची किंमत नव्हे, सीटवरची बॅग बघतो. बाजूची काच एका ठोक्यात चुरा होते. पुढची दोन थरांची असल्याने तिच्या वाटेला तो जात नाही. बॅग डिकीत ठेवायची तर घरून निघतानाच ठेवावी. पार्किंगमध्ये डिकी उघडली, की टेहळणाऱ्याला आयतेच कळते.

चोरी झाल्यास पोलीस ठाण्यात ‘गहाळ’ अशी नोंद मान्य करू नये. चोरीचाच एफआयआर नोंदवून घ्यावा, त्याची प्रत मोफत मिळते. गाडीच्या सर्वसमावेशक (कॉम्प्रिहेन्सिव्ह) विम्यात काच भरून मिळते, लॅपटॉप नाही. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी मागणी त्याच दिवशी करावी.

पबचे कॅमेरे दारावरच रोखलेले असतात. एक तरी कॅमेरा रस्त्यावरच्या पार्किंगकडे असावा आणि पब सुटण्याच्या वेळी गल्ल्यांत पायी गस्त असावी, ही पोलिसांकडे मागणी आहे.

– एक रहिवासी, कल्याणीनगर, पुणे