मैदान गेलं म्हणून संघ बरखास्त करू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर परवा युरोपातल्या फुटबॉल निकालांत सायप्रसच्या ‘अनॉर्थोसिस फामागुस्टा’ या संघाचं नाव होतं. एक-दीड ओळीत सामना लार्नाका या दुसऱ्याच शहरात झाल्याचं दिलं होतं, पुढे काही नाही. वाचणाऱ्याला प्रश्न पडावा की फामागुस्टाचा संघ घरचा सामना लार्नाकात का खेळतो? त्याचं उत्तर फार मोठं आहे आणि आमच्या गल्लीत सध्या मैदान गेल्यावर फुटबॉल संघ ठेवायचा की नाही असा जो वाद चालू आहे त्यात ते मला रोज उपयोगी पडतंय, म्हणून हे पत्र.

हा क्लब १९११ साली फामागुस्टा शहरात सुरू झाला तो वाचनालय म्हणून. पुस्तकं, वर्तमानपत्रं, चार माणसांनी संध्याकाळी जमणं. फुटबॉल नंतर आला. आपल्याला यात नवल वाटू नये. कोल्हापूरचे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा हे संघ आधी तालमी होत्या. आजही त्यांच्या नावात तालीम आहे. क्लब म्हणजे अकरा खेळाडू एवढंच नसतं, ते एक बसायचं ठिकाण असतं, हे शाहू स्टेडियमवर पेठेच्या घोळक्यात बसून मॅच बघितलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

अनॉर्थोसिसने पहिली लीग जिंकली १९४९-५० च्या हंगामात. त्या वेळी सायप्रस ब्रिटिशांच्या ताब्यात होता. स्वातंत्र्याचा लढा पेटला तेव्हा ब्रिटिशांनी १९५८ मध्ये क्लबची इमारत स्फोटकं लावून उडवली. संघ तरी खेळतच राहिला आणि १९६३ पर्यंत सहा विजेतेपदं त्याच्या नावावर झाली.

मग १९७४ आलं. बेटावर ग्रीक सायप्रियट आणि तुर्की सायप्रियट असे दोन समाज, अनॉर्थोसिस ग्रीक सायप्रियटांचा. ग्रीसमधल्या लष्करी राजवटीच्या जोरावर १५ जुलैला सायप्रसमध्ये बंड झालं, २० जुलैला तुर्की फौजा उत्तर किनाऱ्यावर उतरल्या. ऑगस्टच्या मध्यावर दुसरी चढाई झाली आणि फामागुस्टा पडलं. वारोशा या समुद्रकाठच्या भागातले लोक चार-आठ दिवसांत परत येऊ, अशा समजुतीने घरं बंद करून निघाले. सैन्याने भोवती तारेचं कुंपण घातलं, आणि हॉटेलं, दुकानं, घरं तशीच ओस पडून राहिली. तिथे मूळ रहिवाशांशिवाय कुणी वस्ती करू नये, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९८४ मध्ये केला. २०२० मध्ये कुंपणातला थोडा भाग फिरायला खुला झाला, पण माणसं काही राहायला परत गेलेली नाहीत.

क्लबचं मैदान गेलं, कचेरी गेली, सभासद बेटाच्या दक्षिण भागात जिथे आसरा मिळेल तिथे पांगले. पण क्लब गेला नाही. दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत त्यांनी लीगमधली जागा धरून ठेवली. १९८६ मध्ये लार्नाकात अँटोनिस पापाडोपुलोस स्टेडियम उभं राहिलं, तेव्हा कुठे स्वतःचं म्हणावं असं मैदान झालं. १९६३ नंतरचं पुढचं विजेतेपद यायला १९९५ उजाडलं. बत्तीस वर्षं! या बत्तीस वर्षांत एक पिढी खेळून निवृत्त झाली असेल, पण ‘आता काय अर्थ आहे’ म्हणून क्लबला कुणी कुलूप लावलं नाही. आज त्यांची तेरा विजेतेपदं आहेत.

२००५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत त्यांची गाठ पडली नेमकी तुर्कस्तानच्या ट्रॅबझोनस्पोरशी. सायप्रसची राजधानी निकोसियात ३-१ ने जिंकले, तिकडे जाऊन ०-१ ने हरले आणि एकूण ३-२ ने पुढे गेले. २००८ मध्ये तर ग्रीसच्या ऑलिंपियाकोसला बाजूला सारून ते मुख्य स्पर्धेच्या गटात पोहोचले. सायप्रसच्या कुठल्याही संघाला त्याआधी हे जमलं नव्हतं. जर्मनीच्या ब्रेमेनला त्यांच्याच मैदानावर ०-० रोखलं, ग्रीसच्याच पानाथिनाइकोसला ३-१ ने हरवलं, आणि मोरिन्हो प्रशिक्षक असलेल्या इटलीच्या इंटर मिलानशी निकोसियात ३-३. मोठ्या क्लबांच्या चाहत्यांना या बरोबरीची किंमत कळायची नाही. मला विचाराल तर त्या वर्षीच्या युरोपीय फुटबॉलमधला तो सगळ्यात मोठा निकाल होता.

माझा पुतण्या लार्नाकात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. त्याच्या शेजारी उभा राहून कांदा चिरणारा पोरगा लार्नाकातच जन्मला, तिथेच शिकला. गाव कुठलं विचारलं की फामागुस्टा सांगतो. दर हंगामात पगारातून पैसे बाजूला काढून क्लबचा पास घेतो आणि आजोबांना सामन्याला घेऊन जातो.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितल्याशिवाय पत्र पुरं करणं मला पटत नाही. निकोसियाचा चेतिनकाया हा तुर्की सायप्रियटांचा संघ याच सामाईक लीगमध्ये खेळायचा आणि १९५१ मध्ये तो विजेताही झाला होता. पुढे ताण वाढत गेला, १९५५ मध्ये तुर्की सायप्रियट संघ बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. १९७४ नंतर दक्षिणेतले तुर्की सायप्रियटही घरंदारं सोडून उत्तरेला गेले. माझ्या मते सायप्रसच्या फुटबॉलचं पहिलं नुकसान १९५५ मध्येच झालं. मैदान जाण्याच्या कितीतरी आधी समोरचा संघ गेला.

आता आमच्या गल्लीचं. मी निवृत्त क्रीडाशिक्षक, राहणार बेळगावातलं शहापूर. ज्या माळावर आमच्या मंडळाची पोरं आजवर खेळली, त्या जागेचे प्लॉट पडले, दगड रोवले गेले. जागा खासगी मालकाची होती, त्याने विकली, त्यात बेकायदेशीर काही नाही. पण आता मंडळातले काही कार्यकर्ते म्हणतात, ग्राऊंडच नाही तर टीम कशाला? टीम बरखास्त करा आणि शिल्लक पैसे गणपतीत घाला. गणपती मलाही हवाच आहे. पण गणपतीला वर्गणी दरवर्षी नव्याने गोळा होते, बरखास्त केलेला संघ पुन्हा गोळा होत नाही.

मंडळाच्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक आहे. तीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या जुन्या जर्सी आहेत, पावतीपुस्तकं आहेत, आणि आधीच्या सेक्रेटरींनी शाईच्या पेनने लिहिलेलं रजिस्टर आहे. प्रत्येक सामन्याखाली खेळाडूंची नावं, गोल कुणी मारला ते, आणि खर्च: ब्लॅडर, सुतळी, लिंबू, सोडा. त्या नावांत शहापूरचे मराठी आहेत, कन्नड आहेत, कॅम्पातले कोकणी ख्रिश्चन आहेत, मुसलमान आहेत. भाषेवरून या गावात काय काय झालं ते आपण सगळे जाणतो. मी स्वतः सीमाभागाच्या मोर्चात चाललो आहे आणि पुढेही चालेन. तरी पावसाळ्यात तांबड्या चिखलात पास मागताना या संघात कुणी कुणाची भाषा विचारली नाही. ही नावं एका पानावर राहावीत यासाठीच मी भांडतोय.

शाळांची मैदानं सकाळी सात वाजेपर्यंत रिकामी असतात, ती मागता येतील. स्पर्धांत प्रवेश फी भरून मंडळाच्या नावाने उतरता येईल. सराव कॅम्पात होऊ दे, वडगावात होऊ दे, रजिस्टर मात्र चालू राहिलं पाहिजे. एवढं करायला खूप पैसा लागत नाही, दोन-चार माणसं लागतात.

आपल्याला विनंती अशी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मैदान गमावलेले फुटबॉल संघ आणखीही असणार. त्यांच्या जुन्या खेळाडूंकडे ग्रुप फोटो आहेत, कात्रणं आहेत. रविवारच्या क्रीडा पानावर एक कोपरा त्यांना द्या. दर आठवड्याला एक संघ, एक फोटो, खाली सगळ्यांची नावं. सुरुवातीला आमचं रजिस्टर घेऊन मी स्वतः आपल्या कार्यालयात येतो. फक्त ते तिथेच बघून त्याच दिवशी परत मिळावं, कारण पुढच्या सामन्याची नोंद त्यात व्हायची आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
शहापूर, बेळगाव